गुरुजींनी पत्रिका घेतली, आणि तीन प्रश्न विचारले

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड पाचव्यांदा आला. "देवळं, मशिदी, गुरुद्वारांना मानसोपचाराशी जोडणं म्हणजे भोंदूगिरीवर सरकारी शिक्का. दाभोलकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्यांनी तरी विरोध करावा. धर्म आला की शास्त्र संपलं. शिकलेला माणूस थेट डॉक्टरकडे जातो."

शेवटचं वाक्य आधी घेऊ. नाही जात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मानसिक त्रासासाठी मदत मागितलेल्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश लोक धर्मगुरूंकडे गेलेले आढळले. ही तिथली सर्वसाधारण जनता. परक्या देशात, परक्या भाषेत रडायची वेळ आली तर काय होत असेल?

आमच्याकडे एका काकूंनी आरतीनंतर गुरुजींना गाठलं. "सुनेची पत्रिका बघा ना, बाळंत झाल्यापासून खोलीबाहेर येत नाही." गुरुजींनी पत्रिका ठेवून घेतली आणि विचारलं, "झोपते का? जेवते का? बाळाला जवळ घेते का?" उत्तरं ऐकून म्हणाले, "शांती करू सावकाश. जीपीला (इथल्या फॅमिली डॉक्टरला) आजच फोन लावा." हे तीन प्रश्न त्यांना देवळात येणाऱ्या एका नर्सने शिकवले होते. गुरुजी नसते तर काकू थेट जीपीच्या दवाखान्यात गेल्या असत्या, असं फॉरवर्डवाल्यांना खरंच वाटतं?

आता दाभोलकर. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. अडवणं गुन्हा आहे हो. आमचे गुरुजी तर पाठवतायत.

भोंदूगिरीची भीती मात्र खोटी नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रमात साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. म्हणूनच तर अशा ठिकाणी आरोग्यसेवेची माणसं पोचायला हवीत. घाना आणि नायजेरियात हे करून पाहिलं गेलं: पारंपरिक आणि धार्मिक उपचारकांकडे आलेल्या सायकोसिसच्या (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराच्या) ३०७ रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत आरोग्यसेवक तिथेच जाऊन उपचारकांच्या जोडीने काम करू लागले. २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने निकाल छापला. सहा महिन्यांनी त्या गटाची लक्षणं इतरांपेक्षा कमी होती.

"शास्त्र संपलं" म्हणणाऱ्यांनी लीड्स विद्यापीठाचं काम बघावं. नैराश्यावरची बिहेवियरल ॲक्टिव्हेशन (महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामांकडे माणसाला हळूहळू परत वळवणं) ही रुळलेली पद्धत तिथे मुस्लिम रुग्णांसाठी बेतली. श्रद्धा तुमच्यासाठी महत्त्वाची आहे का, हे आधी विचारतात. हो म्हटलं तरच श्रद्धेचा आधार घेणारी पुस्तिका देतात. थेरपिस्ट मुस्लिम असायलाच हवा असंही नाही.

खरा आक्षेप फॉरवर्डमध्ये नाहीच: देवळात सांगितलेलं गावभर होतं. आम्हालाही तो नडला. टॉकिंग थेरपीजचा (इथल्या सरकारी समुपदेशन सेवेचा) नंबर छापलेल्या चिठ्ठ्या आम्ही चपलांच्या रॅकशेजारी लावल्या होत्या. महिनाभर एकही कुणी फाडून नेली नाही. मग टॉयलेटच्या दाराला आतून लावल्या. दोन रविवारांत संपल्या.