एक बर्गर, एक किलो चरबी आणि दुसऱ्या दिवशीचं ‘प्रायश्चित्त’

‘बर्गर-पिझ्झा खाणाऱ्यांनो, वेळीच सावध व्हा’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. वर लाल दिवे, खाली जोडलेले हात. लिहिणाऱ्याचं नाव नाही, ‘एका मोठ्या तज्ज्ञांनी सांगितलेलं’ एवढंच. त्यातले दावे थोडक्यात असे: एक बर्गर म्हणजे एक किलो चरबी. तो पचायला तीन दिवस लागतात आणि तोवर आतड्याला चिकटून बसतो. त्यात इतकी रसायनं असतात की तो कुजतसुद्धा नाही. खाल्लाच, तर दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त घ्या. रोज सकाळी गरम पाणी-लिंबू प्या, चरबी वितळेल. आणि ‘प्रमाणात खा’ ही कंपन्यांनी पसरवलेली थाप आहे, एकतर पूर्ण बंद नाहीतर सर्वनाश.

एरवी असले मेसेज मी उघडतही नाही. हा माझ्या भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, काल मैत्रिणीच्या वाढदिवसाला पिझ्झा खाल्ला. आज नुसतं पाणी पिऊन राहिले तर चालेल ना?’ पंधरा वर्षांची पोर! म्हणून मुद्दे क्रमाने घेत बसत नाही. आधी ते प्रायश्चित्त.

मेसेजमधले शब्द असे आहेत: ‘24 तास कडकडीत उपास. जमत नसेल तर मिठाचं पाणी पिऊन उलटी काढा किंवा रात्री जुलाबाची गोळी घ्या. पोट साफ, पाप माफ!’

यमक छान जुळलंय. बाकी सगळा आनंद आहे.

जुलाबाच्या गोळीपासून सुरुवात करू. खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा रक्तात जाते ती लहान आतड्यात. जुलाबाची औषधं मुख्यतः काम करतात मोठ्या आतड्यावर, म्हणजे पुढच्या टप्प्यावर. ती आपला प्रताप दाखवतात तोवर कॅलरी कधीच आत गेलेल्या असतात. बाहेर पडतं ते पाणी आणि क्षार. काटा सकाळी खाली दिसतो, चार पेले पाणी पोटात गेलं की पुन्हा होता तिथे. पण वारंवार असं केलं तर शरीरातलं पोटॅशियम घसरतं, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. पिझ्झ्याच्या दोन तुकड्यांसाठी एवढी किंमत?

मिठाच्या पाण्याचं तर बोलायलाच नको. रक्तातलं सोडियम एकाएकी वाढून माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. विष पोटात गेलं तरी असल्या पाण्याने उलटी काढू नका, असं डॉक्टर आता सांगतात. इथे मात्र ते पिझ्झ्यावर उतारा म्हणून खुशाल वाटलं जातंय. शिवाय प्रत्येक उलटीबरोबर पोटातलं आम्ल दातांवरून जातं आणि दातांवरचं कठीण आवरण झिजवतं. ते आवरण पुन्हा येत नाही.

राहिला उपास. धडधाकट मोठ्या माणसाला एक दिवस न जेवल्याने काही होत नाही, हे खरं. प्रश्न त्या दिवसाचा नाही, तो कशासाठी पाळला त्याचा आहे. आज खाल्लं म्हणून उद्या उपाशी. परवा पोटात कावळे ओरडत असतात, मग समोर येईल ते दुपटीने खाल्लं जातं, मग अपराधी वाटतं, की पुन्हा उपास. भरमसाट खायचं आणि मग उलटी, जुलाब, उपास किंवा बेसुमार व्यायाम करून ते ‘फेडायचं’, या चक्राला वैद्यकात नाव आहे: बुलिमिया नर्वोसा. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 साली त्याचं वर्णन केलं. म्हणजे आजाराची लक्षणं जशीच्या तशी उचलून या मेसेजने उपाय म्हणून छापली आहेत.

घरच्यांना हे लवकर कळत नाही, कारण अशा मुला-मुलींचं वजन बरेचदा चारचौघांसारखंच असतं. जेवण झाल्याझाल्या बाथरूमचं दार बंद होणं, सगळ्यांबरोबर बसून जेवायला टाळाटाळ, गाल जबड्यापाशी सुजल्यासारखे दिसणं, बोटांच्या पेरांवर दात घासून पडलेले घट्टे, यांकडे लक्ष ठेवा. त्या घट्ट्यांना डॉक्टर रसेल यांच्याच नावाने ओळखतात. असं काही दिसलं तर ओरडू नका, डॉक्टरांकडे न्या.

आता ‘एक बर्गर, एक किलो’. बऱ्यापैकी मोठा बर्गर भरतो पाव किलोच्या आसपास. पाव किलो वस्तूतून एक किलो चरबी काढणारं यंत्र कुणाकडे असेल तर जगाची भूक मिटलीच म्हणायची. अंगावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त जाव्या लागतात. मोठा बर्गर, मध्यम फ्राइज आणि गोड पेय मिळून होतात हजार-अकराशे, आणि त्यातल्याही बऱ्याचशा त्या दिवशी लागणारच असतात.

‘पण दुसऱ्या दिवशी काटा खरंच किलोभर वर होता!’ असेल की. खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. मैदा-बटाट्यातलं पिष्ट ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा राखीव साठा, म्हणून साठतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे जवळजवळ 3 ग्रॅम पाणी साठतं. दोन-तीन दिवस नेहमीसारखं जेवलात तरी ते उतरतं. प्रायश्चित्त ‘लागू पडलं’ असं वाटतं त्यामागचं इंगित एवढंच.

मग फास्ट फूडने वजन वाढत नाही का? वाढतं. किती, तेही मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या चार शहरांत 1985-86 मध्ये तरुण माणसांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, कार्डिया नावाचा. त्यातल्या तीन हजारांवर लोकांच्या 15 वर्षांच्या नोंदींवरचा निबंध 2005 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. फास्ट फूडच्या दुकानात आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा जाणाऱ्यांचं वजन, एकापेक्षा कमी वेळा जाणाऱ्यांच्या तुलनेत 4.5 किलोने जास्त वाढलं होतं. शरीराने इन्शुलिनला दाद न देणं, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी वाट, त्यातली वाढही त्यांच्यात दुप्पट होती. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही, त्यामुळे सगळं खापर बर्गरवर फोडता येणार नाही. तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नक्कीच नाही.

आता जरा हिशेब करा. आठवड्याला दोन खेपा धरल्या तरी 15 वर्षांत झाल्या दीड हजारांवर. मेसेजच्या गणिताने ही माणसं दीड टनाने वाढायला हवी होती! इतरांपेक्षा जास्त वाढली ती साडेचार किलो. आणि ‘खा रे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनीही इथेच थांबून वाचावं, कारण झालं ते हळूहळू आणि सवयीने झालं.

पचायला तीन दिवस? तोंडातून गेलेलं बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात ते कुठल्याही अन्नाला, सफरचंदालाही. तेलकट जेवण जठरात थोडं जास्त रेंगाळतं, हे मान्य. पण आतड्याला चिकटून बसणं वगैरे थापा आहेत. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशीच चार-पाच दिवसांत गळून नव्या येतात, चिकटणार कुठे?

न कुजणारा बर्गर मात्र खरा आहे. आइसलंडमध्ये 2009 साली विकत घेतलेला एक बर्गर वर्षानुवर्षं तसाच राहिलाय. कारण साधं आहे: पातळ चकती, भरपूर उष्णता, त्यामुळे पाणी लवकर उडतं, आणि पाण्याशिवाय बुरशी वाढत नाही. घरी तेवढाच पातळ बर्गर करून कोरड्या हवेत उघडा ठेवलात तर तोही असाच वाळेल. प्रिझर्व्हेटिव्ह असतात, पण बर्गर न कुजण्याचा आणि तुमच्या वजनाचा संबंध बादरायणच.

लिंबू-पाणी आवडत असेल तर प्या. चरबी वितळत नाही. पुढे.

शेवटचा दावा, ‘प्रमाणात खा ही कंपन्यांची थाप’. नाइलाजाने सांगते, यात अर्धं सत्य आहे. वजनाच्या चर्चेत आहारापेक्षा व्यायामावर भर देणाऱ्या संशोधकांच्या एका गटाला कोका-कोलाचा पैसा होता, हे 2015 मध्ये उघड झालं आणि त्याच वर्षाअखेर तो गट गुंडाळला गेला. दुसरं म्हणजे, हे अन्न प्रमाणात खाणं मुळातच अवघड असतं. अमेरिकी संशोधक केविन हॉल यांच्या 2019 च्या प्रयोगात 20 माणसांना महिनाभर संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटातल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी सारखी, हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. तेव्हा नुसतं ‘मनावर ताबा ठेवा’ म्हणणं ही लबाडीच.

पण त्यावरून ‘मग पूर्ण बंद’ हे निघत नाही. कार्डियातल्या कमी वाढलेल्या गटाने कुठे शपथ घेतली होती? ती मंडळी जात होती, पण आठवड्यातून एकापेक्षा कमी वेळा. ‘प्रमाण’ म्हणजे ताटासमोर बसून केलेला संयम नव्हे, ते दुकानात शिरण्याआधी ठरवायचं असतं. महिन्यातून किती वेळा, हे आधी ठरवा. कडकडून भूक लागलेली असताना जाऊ नका. सगळ्यात लहान आकार घ्या, फ्राइज दोघांत एक, गोड पेयाऐवजी पाणी. नुसत्या त्या पेयातच दोनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि त्यांनी पोट भरल्यासारखंही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला नेहमीचं जेवण, सकाळच्या न्याहारीसकट.