कोऱ्या रकान्याचं काय?

‘युनियन डेटाबेसमुळे वापरलेल्या तेलाचा थेंबन् थेंब उगमापर्यंत शोधता येईल’ हे वापरलेल्या खाद्यतेलाच्या बायोडिझेलवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. हा डेटाबेस म्हणजे जैवइंधनाच्या मालाची नोंद ठेवणारी युरोपियन युनियनची डिजिटल वही. उगम म्हणजे आमची कढई! माझं फरसाणाचं दुकान आहे, महिन्याला चार-पाच डबे जळकं तेल निघतं. नेणारा माणूस छापील स्वयंघोषणापत्र पुढे करतो: ‘सही-शिक्का मारा, किलोचा रकाना आम्ही भरतो.’ पहिल्यांदा केली तशीच सही. दुसऱ्या खेपेला वजनकाटा पुढे ठेवला, तर गडी वैतागला. पुढची साखळी कितीही डिजिटल करा, सुरुवात या कोऱ्या रकान्यातूनच होते.

युरोपच्या वाहतुकीतल्या अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टात या तेलाचं बायोडिझेल दुप्पट धरता येतं. मग ताजं पामतेल ‘वापरलेलं’ म्हणून खपवायचा मोह कुणाला होणार नाही? आपल्याकडे २०१८ पासून एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे, पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल तळणातून बाद. ते मोजायचं हातातलं यंत्रही मिळतं. तेल उचलतानाच रीडिंग आणि वजन दुकानदारासमोर का लिहीत नाहीत? माझ्याकडे आजवर एकही ऑडिटर फिरकलेला नाही. पावत्यांची फाइल मात्र गल्ल्याखाली जपून ठेवलीय, आलाच तर दाखवीन.