डोकं गोदीत घाला

तुम्हाला काहीही होत नाही ना? डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, डोंबिवली फास्ट चुकली तर पुढची कुठल्या प्लॅटफॉर्मवर लागते ते बरोबर आठवतं? मग उशीर करू नका. मेंदूचा एमआरआय काढून घ्या. आजारी पडल्यावर काय, कोणीही काढतं.

(ज्यांचं डोकं अचानक, कधी नव्हे एवढं भयंकर दुखायला लागलंय, हात लुळा पडलाय, जीभ अडखळतेय किंवा फिट आलीये, त्यांनी हा लेख वाचत बसू नये. तडक इस्पितळ गाठावं. आपण इथे फक्त धडधाकटांचं बघतोय.)

कल्पना मूळ जपानी. तिथे १९५४ पासून ‘निंगेन डॉक’ नावाची तपासणी चालते. निंगेन म्हणजे माणूस आणि डॉक म्हणजे आपली गोदीच. लांबच्या सफरीहून आलेलं जहाज कोरड्या गोदीत घेऊन तळापासून तपासतात, तसं माणसाला तपासायचं. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस नुसत्या डोक्याची वेगळी गोदी निघाली, ब्रेन डॉक. आमच्या माझगावात १७७४ पासून कोरडी गोदी आहे, पण हे आम्हाला सुचलं नाही. आमचा माणूस डोकं दुखलं की अमृतांजन चोळून झोपला. तेही इथेच मुंबईत १८९३ साली जन्मलेलं, म्हणून असेल.

यंत्राला घाबरू नका. दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. घड्याळ, पट्टा, किल्ल्या बाहेर ठेवा. क्रेडिट कार्डही बाहेरच ठेवा, नाहीतर कोरं व्हायचं आणि बिल भरताना पंचाईत. आतल्या ठकठकाटाला बाहेरगावचे लोक वैतागतात. ज्याच्या खिडकीखाली मेट्रोचं खोदकाम झालंय त्याला तिथे छान डुलकी लागते. यात एक्स-रेसारखे किरणही नसतात, म्हणजे यंत्र तुम्हाला काहीच करत नाही. जे काही करायचं ते रिपोर्ट करतो.

रिपोर्ट स्वतःच उघडा. लिफ्टमध्येच. ‘पेरिव्हेंट्रिक्युलर व्हाइट मॅटरमध्ये हायपरइंटेन्सिटीज, फझेकास ग्रेड वन.’ दहावीत हुकलेला फर्स्ट ग्रेड पन्नाशीनंतर असा घरबसल्या मिळतो. हायपरइंटेन्सिटीज म्हणजे पांढरे ठिपके आणि फझेकास ही ते मोजायची पट्टी. हे ठिपके वय वाढेल तसे बहुतेकांच्या मेंदूत उमटतात, केस पिकतात तसे, पण हे तुम्हाला कोण सांगणार? खाली ‘एज रिलेटेड’ लिहिलेलं असतं. सोसायटीतली पोरं ‘आजोबा’ म्हणाली तेव्हा लागलं नव्हतं, एवढं ते लागतं. मग येतं ‘मॅक्झिलरी सायनसमध्ये म्युकोसल थिकनिंग’. याला आई शेंबूड म्हणायची. शेवटी ‘प्लीज कोरिलेट क्लिनिकली’. म्हणजे, चित्रात दिसलं ते समोरच्या माणसाशी ताडून पाहा. समोरचा माणूस नुकताच वडापाव खाऊन दोन मजले चढून आलाय, हे ताडून पाहायला कोणाला वेळ आहे?

अगदीच ठिपक्यांवर बोळवण होईल असं समजू नका. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये २,००० माणसांच्या मेंदूंची चित्रं काढली होती. सरासरी वय ६३. निष्कर्ष २००७ साली छापून आले. ७.२ टक्के लोकांच्या मेंदूचा एखादा बारीक भाग रक्ताअभावी मेलेला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता. १.८ टक्क्यांच्या रक्तवाहिनीला फुगा होता. १.६ टक्क्यांना गाठ, तीही साधी, कर्करोगाची नव्हे. ही सगळी मंडळी तोवर सुखाने सायकली चालवत होती.

तुमच्या वाट्याला तो फुगा यावा अशी माझी इच्छा आहे. तीन मिलिमीटरचा, पुढच्या बाजूला. असले बारीक फुगे बहुतेक वेळा जन्मभर फुटत नाहीत, आणि शस्त्रक्रियेला स्वतःचा धोका असतोच, म्हणून डॉक्टर म्हणतात, “नुसतं लक्ष ठेवू.” डॉक्टर वर्षातून एकदा लक्ष ठेवतात, तुम्ही रोज रात्री दोन वाजता. त्या दिवसापासून धावती गाडी पकडायची नाही, गॅसचा सिलिंडर उचलायचा नाही, शौचाला जोर करायचा नाही. मेहुण्याने पैसे मागितले की कपाळाला हात लावून “मला टेन्शन चालत नाही” म्हणता येतं, हा एक फायदा. मेडिक्लेमच्या फॉर्मवर मात्र आता खरं लिहावं लागतं, आणि आधीपासूनच्या आजाराचा खर्च विमा कंपनीला तीन वर्षांपर्यंत अडवून ठेवता येतो. तपासणी केली नसती तर लिहायला काही नव्हतं!

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर? खचू नका. २००९ साली १९,५५९ जणांच्या एमआरआयचा एकत्र हिशोब मांडला गेला. ठिपके आणि मेलेले बारीक भाग सोडून साध्या चित्रांत १.७ टक्के लोकांत काहीतरी अनपेक्षित सापडलं, बारकाईच्या चित्रांत ४.३ टक्के. तेव्हा आणखी बारीक काढून मागा.

एक पथ्य तेवढं पाळा. रिपोर्ट घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जाऊ नका. तो माणूस प्लेटा उजेडात धरणार, चष्मा कपाळावर सरकवणार आणि विचारणार, “बीपी कधी मोजलं होतंत?” एवढं हजारोंचं चित्र समोर ठेवलंय आणि हा दंडाला पट्टा गुंडाळतोय! वर सांगणार की ते ठिपके, तो मेलेला बारीक भाग, सगळ्यामागे वाढलेल्या रक्तदाबाचा मोठा हात असतो; फुग्यामागेही तोच आणि सिगारेट. गोळी लिहून देणार, मीठ कमी करा म्हणणार. पापडाला हात लावायचा नाही म्हणे. असल्या माणसाचा सल्ला सोसायटीच्या ग्रुपवर टाकता तरी येतो का?

बीपीचं मशीन तसं घरात आहे. लॉकडाऊनमध्ये ऑक्सिमीटरबरोबर घेतलेलं, कपाटात वरच्या फळीवर. त्याचे सेल काढून हॉलमधल्या घड्याळाला घातलेत. राहू द्या तिथेच. घड्याळ चालू हवं, सहा महिन्यांनी पुढचा एमआरआय आहे.