"मेलेलं कोरल आहे, समुद्राला काय फरक पडतो?" पडतो ना!

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. कोरल कॅल्शियम (कोरल म्हणजे प्रवाळ, त्याच्या सांगाड्याची पावडर) घ्या, जपानच्या ओकिनावात लोक शंभरी गाठतात ते याच्यामुळेच, यात ७० मिनरल आहेत, साध्या कॅल्शियमपेक्षा भारी आहे, आणि मेलेल्या कोरलपासून बनतं म्हणून समुद्राचं नुकसान शून्य. फुईने (आत्याने) तर डबा मागवला पण. मी मेडिकलवर बसतो, रोज कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ते "मेलेलं" घेऊ, कारण मला सगळ्यात जास्त तेच खटकतं. आमच्या गिरणा नदीची वाळू पण मेलेलीच आहे ना? भडगावकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, वाळूचे ट्रॅक्टर भरभरून गेले की काठच्या विहिरींचं काय होतं. वाळू पाणी धरून ठेवते, तसंच मेलेलं कोरल पण समुद्रात कामावरच असतं, नवीन कोरलची पिल्लं त्याच्यावरच चिकटून वाढतात, लाटेचा जोर तेच मोडतं, आणि तळातून ते उपसताना जो गाळ उठतो तो बाजूच्या जिवंत कोरलवर बसतो, त्यांचं ऊन अडतं, ते गुदमरतात. आणि भरून यायला किती वेळ, तर दगडासारखं कोरल वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. तामिळनाडूत मन्नारच्या आखातात चुन्यासाठी, सिमेंटसाठी वर्षानुवर्षं कोरल काढलं, तिथल्या २१ बेटांपैकी २ बेटं पाण्याखाली गेली, त्यात या उपशाचा मोठा हात आहे. आपल्याकडे रीफ, म्हणजे समुद्रातली कोरलची भिंत, बांधणारं सगळं कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, ते उगाच नाही.

आता काही विक्रेते म्हणतात, आम्ही समुद्राला हातच लावत नाही, जमिनीवरचं जुनं फॉसिल, म्हणजे दगड झालेलं, कोरल घेतो. ठीक आहे, मग रीफ वाचलं, पण मग तो चुनखडीचा दगडच झाला ना भाऊ, त्याचे एवढे पैसे कशाचे? फुईच्या डब्यावर निळा समुद्र, मासे, सगळं छापलंय, पण माल समुद्रातला की जमिनीवरचा, याची एक ओळ नाही.

"साध्यापेक्षा भारी" याचं पण बघा. फुईसमोरच एक कॅप्सूल फोडून स्टीलच्या ताटलीत टाकली, शेजारी दुकानातली स्वस्त कॅल्शियम कार्बोनेटची गोळी कुटून टाकली, दोन्हीवर लिंबू पिळलं. दोन्हीकडे तोच फेस. कारण दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच आहेत.

७० मिनरल म्हणजे चिमटीतल्या चिमटीएवढे, त्यांनी हाडांना काही फायदा होत नाही, उलट अशा नैसर्गिक मालात शिसं पण येऊ शकतं.

राहिलं ओकिनावा. तिथले जुने लोक रताळी, भाजीपाला, सोयाबीन खाऊन, हातपाय हलवत जगले, डब्यातली पावडर खाऊन नाही. कोरल कॅल्शियमने कॅन्सर बरा होतो म्हणून विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २००३ मध्येच केस केली होती, आणि तेच कोरल कॅल्शियम आता आपल्या ग्रुपवर फिरतंय.

मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. २०० मिली दुधात साधारण २४० मिळतं, तीळ, नाचणी, दही आपल्याकडे आहेच. फुईला डॉक्टरांनी गोळी सांगितलीय, तर तिला साधीच दिली, जेवणाबरोबर घे म्हटलं. डबा परत पाठवायला विक्रेत्याला फोन लावला आणि विचारलं कोरल नेमकं कुठून काढलं, तर म्हणे "जपानचं आहे सर". जपानमध्ये कुठून, पाण्यातून की खाणीतून, ते विचारलं तेव्हा फोन कट.