मद्रासचे दीपगृह उचलून मरीनावर नेले का?

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरील दीपगृह मुळात 1796 साली बंदरासाठी बांधले गेले, 1914 मध्ये ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेच्या तोफांनी ते निकामी झाले आणि म्हणून ते उचलून आजच्या जागी आणले, असा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्यातील साले खरी आहेत, पण त्यांची सांगड चुकीची आहे.

‘उचलून आणले’ हे विधान सर्वांत आधी तपासू. 1796 चा दिवा फोर्ट सेंट जॉर्जमधील एक्स्चेंज इमारतीच्या छतावर खोबरेल तेलावर जळत असे. त्याच इमारतीत आज किल्ल्याचे संग्रहालय आहे. 1844 मध्ये त्याची जागा किल्ल्याच्या उत्तरेस उभारलेल्या, सुमारे 125 फूट उंचीच्या ग्रॅनाइटच्या डोरिक (प्राचीन ग्रीक शैलीच्या) स्तंभाने घेतली आणि 1894 मध्ये हे काम शेजारच्या उच्च न्यायालयाच्या सुमारे 175 फूट उंच घुमटाकडे आले. ही उंची हौसेची नव्हती: 125 फुटांवरून क्षितिज सुमारे 22 किलोमीटरवर असते, 175 फुटांवरून सुमारे 26. मरीनावरचा त्रिकोणी मनोरा जानेवारी 1977 मध्ये सुरू झाला आणि तो नव्यानेच बांधलेला आहे. आधीच्या तिन्ही वास्तू आपापल्या जागी आहेत. स्तंभ तर न्यायालयाच्या आवारात कोणालाही दिसतो. तेव्हा हलला तो दिवा, वास्तू नव्हे.

‘बंदरासाठी’ म्हणावे, तर 1796 मध्ये मद्रासला बंदर होतेच कुठे? जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकत आणि माणसे व माल काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून, फुटणाऱ्या लाटांवरून किनाऱ्यावर येई. लाटा अडवणाऱ्या बांधांचे काम 1870 च्या दशकात सुरू झाले आणि 1881 च्या चक्रीवादळाने तेही मोडून टाकले. म्हणजे या शहरात दीपगृह आधी आले आणि बंदर जवळपास शतकभराने.

एम्डेनचा हल्ला 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री खरोखर झाला. कप्तान कार्ल फॉन म्युलरचे लक्ष्य मात्र बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्या हे होते आणि त्या पेटल्याही. काही गोळे उच्च न्यायालयाच्या परिसरात पडले, तेथील भिंतीचे नुकसान झाले आणि बहुधा तेथूनच दीपगृह निकामी झाल्याची कथा निघाली असावी. परंतु तोफांमुळेच जागा बदलावी लागली असती, तर घुमटावरच्या दिव्याला त्यानंतर आणखी 62 वर्षे तेथेच ठेवण्याचे कारण उरत नाही.