थोडा करंट त येतेच जी!

कुलरला हात लावायच्या आधी पायात रबरी चप्पल आहे का ते बघायचं, हा आमच्या घरचा नियम. पोरगी सात वर्षांची आहे. बाराचा पाढा अजून अडखळते, पण हा नियम पाठ आहे. तरीही मागच्या आठवड्यात भर दुपारी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून ती कुलरात पाणी टाकायला गेली आणि किंचाळून मागे पडली. बादली एकीकडे, ती एकीकडे. नशीब, मागे पडली. चिकटली असती तर?

घरमालकाला, म्हणजे काकाजींना, बोलावून आणलं. त्याच्यासमोर कुलरच्या पत्र्याला टेस्टर लावला, दिवा भक्कन पेटला. काकाजी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. घोटता घोटताच म्हणाले, "कुलर म्हणलं का थोडा करंट त येतेच जी सर. चप्पल घालून हात लावत जा ना."

थोडा करंट! जसं काही भाजीत थोडं मीठ जास्त झालंय!

मग मीच बोर्ड उघडला. तीन भोकांचं सॉकेट, वरचं मोठं भोक अर्थिंगचं. त्याच्यामागे वायरच नाही. कोळ्याचं जाळं मात्र आहे. म्हणजे ते भोक शोभेचं. कुलरच्या पंपातून करंट पत्र्यात उतरला की त्याला जमिनीत जायला वाट हवी; अर्थिंग नसेल तर ती वाट म्हणजे हात लावणारा माणूस, आणि पाय ओले असले की मग विचारूच नका. फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी चांगली जाड तांब्याची वायर गुंडाळलेली. "घडीघडी उडत होता म्हणून," म्हणे. अरे, उडण्यासाठीच असतो तो!

बरं, काकाजींच्या स्वतःच्या घरामागे अर्थिंगचा खड्डा आहे. मीठ, कोळसा, पाइप, सगळं रीतसर. भाडेकरूंच्या ओळीत चार खोल्या, चारही टिनाच्या, आणि एकीलाही नाही.

"कुलर लावू नका मग," असं सांगणारेही भेटले. ब्रह्मपुरी तालुक्यात मे महिन्यात टिनाखाली राहून दाखवा आणि मग बोला. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, मे अखेरच्या नवतप्यात रात्री एक वाजताही टिन खाली आग ओकतं. इथं कुलर ही चैन नाही.

आणि सोडून जायचं तरी कुठं? मी शाळामास्तर. मास्तर मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहतो असा ग्रामसभेचा ठराव द्या, मग घरभाडे भत्ता. गावात भाड्याच्या खोल्या मोजून सात-आठ, आणि ठरावाच्या वेळी पुढच्या खुर्चीवर काकाजींचाच पोरगा. खोली देताना माझं आधार कार्ड, शाळेचं पत्र, दोन महिन्यांचं डिपॉझिट, सगळं तपासून घेतलं. घरी मटण शिजतं का तेही विचारलं. खोली मात्र कोणीच तपासत नाही.

कायदा काढून बघितला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. कलम 14: घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं घरमालकाचं काम. लेखी नोटीस देऊन, किमान 15 दिवसांची मुदत देऊनही नाही केलं तर भाडेकरूने करावं आणि भाड्यातून कापावं, वर्षाच्या भाड्याच्या पावपटीपर्यंत. वाचून छाती फुगली. मग कलम 2 वाचलं: हा कायदा परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांपुरता. त्या यादीत आमचं गाव काही सापडलं नाही. म्हणजे शहरातल्या भाडेकरूला करंट लागतो, आम्हाला नुसती गुदगुली होते!

शेवटी खिशातूनच तालुक्याहून वायरमन आणला. खड्डा खणायला जागा काकाजींची, म्हणून परवानगी मागायला गेलो. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीही बसवतो, करंट गळला की झटक्यात लाईन तोडते, असं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "करा जी, करा. खोली चांगली होऊन जाईल. मंग दिवाळीपासून पाचशे वाढवू."

दाराखालच्या तीन बोटं फटीचा विषय तर मी अजून काढलाच नाही. पावसाळा लागला की मण्यार रात्रीच फिरते आणि आम्ही तिघंही खालीच झोपतो. सध्या पोतं कोंबून ठेवलंय. काकाजींना सांगितलं तर काय म्हणतील ते आत्ताच ऐकू येतंय.


"साप त निंघतेच जी सर."