वादी हल्फा, बोट आणि मी

"प्रवासातलं थांबणंही एन्जॉय करायला शिका" असले सल्ले वाचले की मला वादी हल्फा आठवतं. सुदानच्या उत्तर टोकाचं गाव. सरोवराच्या पाण्यातून पुढे इजिप्त. (पाणी एकच, पण इजिप्तसाठी ते नासर सरोवर आणि सुदानसाठी नूबिया.) रस्त्याने सीमा ओलांडायची सोय २०१४ मध्ये झाली, मी गेलो त्याच्या आधी. तेव्हा इजिप्तमधल्या अस्वानला जाणारी बोट आठवड्यातून एकदा सुटायची, आणि मी पोचलो तो ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

एन्जॉय वगैरे काही केलं नाही. सरळ कंटाळा आला. लोकांड्यात, म्हणजे तिथल्या साध्या लॉजात, अंगरेबवर पडून राहायचं. अंगरेब म्हणजे दोरीने विणलेली बाज. ऊन उतरलं की चहावालीकडे जायचं, तळलेले मासे खायचे. बोटीचं विचारलं की एकच उत्तर, "बुक्रा, इन्शाल्ला." उद्या.

चिडचिड करून झाल्यावर कळलं की जुनं वादी हल्फा पाण्याखाली आहे. अस्वानचं मोठं धरण इजिप्तमध्ये, बुडालं मात्र हे गाव. १९६४ च्या जानेवारीपासून इथल्या नूबियन लोकांना आगगाडीत बसवून शेकडो किलोमीटर दूर, अटबारा नदीकाठच्या खश्म अल-गिरबाला नेलं. काही जण गेलेच नाहीत. पाणी चढलं की झोपड्या मागे घेत राहिले. आताचं गाव त्यांच्या हट्टामुळे आहे. अशा माणसांसमोर मी दिवसातून तीनदा बोटीची चौकशी करत होतो!

एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि हे नाव पुन्हा बातम्यांत आलं. सुरुवातीला बायका, मुलं, म्हातारे व्हिसाशिवाय इजिप्तमध्ये जाऊ शकत होते. तरण्या पुरुषांना मात्र व्हिसा लागत होता. म्हणजे बायको-मुलांना पुढे पाठवायचं, नाहीतर सगळ्यांनीच थांबायचं. जूनमध्ये तर सगळ्यांनाच व्हिसा सक्तीचा झाला. माणसं शाळांत राहिली, उघड्यावर झोपली. थांबण्यातल्या आनंदाचं त्यांना कोणी जाऊन सांगावं.

माझ्याकडे इजिप्तचा व्हिसा होता, त्यामुळे माझ्या वाट पाहण्याला तारीख होती. बोट आली. त्यातून आधी गोण्या, खोकी, फ्रीज उतरले. मी पासपोर्टवर शिक्का घेतला आणि डेकवर सावलीतली जागा धरायला धावलो.